पाठभेद आणि समीक्षा : संतवाङ्मयाच्या संपादनासंबंधी काही विचार

१

संशोधन आणि समीक्षा या दोन व्यवहारांची वाटणी मराठीत फार पूर्वीच होऊन गेली आहे. संशोधकाने पोथ्या शोधाव्यात, त्यांचा काळ ठरवावा, प्रतींची तुलना करून शुद्ध पाठ सिद्ध करावा. आणि समीक्षकाने तो सिद्ध पाठ हाती घेऊन त्याच्या अर्थाचे, घाटाचे, अनुभवविश्वाचे विवेचन करावे, अशी ही वाटणी आहे. तिच्यात एक प्रतवारीही अंतर्भूत आहे. संशोधकाचे काम चिकाटीचे, परंतु पूर्वतयारीचे. समीक्षकाचे काम प्रतिभेचे आणि म्हणून अंतिम मोलाचे, अशी समजूत अभ्यासक्रमांपासून वाङ्मयेतिहासांपर्यंत सर्वत्र दिसते. १९५० नंतरच्या मराठी समीक्षेत साहित्यकृतीच्या स्वायत्ततेची कल्पना रुजली, तेव्हा ही वाटणी अधिकच पक्की झाली. कृती स्वायत्त मानावयाची तर ती आधी एक आणि निश्चित असावी लागते. आणि ती तशी आहे की नाही हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा मानला गेला.

या वाटणीचा परिणाम दोन्ही बाजूंवर झाला. समीक्षा छापील पुस्तकाला साहित्यकृती समजून चालू लागली. संशोधन आपल्या निवडींमागील वाङ्मयीन गृहीतके तपासण्याच्या जबाबदारीतून मोकळे झाले. वस्तुतः दोन पाठांपैकी एक वर घेणे आणि दुसरा तळटीपेत टाकणे ही अर्थनिर्णयाची कृती आहे. कवी म्हणजे कोण, भाषा कशाला म्हणावयाचे, जुने अधिक मोलाचे की रूढ अधिक मोलाचे, यांविषयीच्या भूमिका या कृतीमागे उभ्या असतात. त्या भूमिका अव्यक्त राहिल्या की संपादकाचा निर्णय हा कवीचाच शब्द म्हणून वाचला जातो.

मराठी संतवाङ्मयाच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्र होतो. हे वाङ्मय लिहिले गेले, तसेच ते गायिले, सांगितले, पाठ केले गेले. त्याचे पाठभेद नकलाकारांच्या प्रमादांतून निर्माण झाले तसे कीर्तनकारांच्या स्मृतीतून आणि प्रसंगावधानातूनही निर्माण झाले. अशा वाङ्मयाची आवृत्ती सिद्ध करताना लिखित अभिजात ग्रंथांसाठी घडविलेली पद्धती कितपत उपयोगी पडते आणि तिची मर्यादा कोठे सुरू होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

पाठचिकित्सेचा आदर्श म्हणून भारतात ज्या कार्याकडे बोट दाखविले जाते ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे होय. १९१९ मध्ये या कार्यास आरंभ झाला आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. अठरा पर्वांचे एकोणीस खंड झाले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी आदिपर्वाला १९३३ मध्ये जोडलेली प्रस्तावना हा भारतीय पाठचिकित्सेचा पायाभूत दस्तऐवज मानला जातो. जर्मनीत शिकून आलेल्या सुकथनकरांना लाखमानच्या परंपरेतील वंशवृक्षाची पद्धती पूर्णपणे अवगत होती. समान प्रमादांवरून प्रतींची कुळे ठरवावयाची, कुळांवरून मूळ प्रतीकडे जावयाचे, ही ती पद्धती. महाभारतासारख्या प्रवाही ग्रंथाला ती जशीच्या तशी लावता येत नाही हेही त्यांनीच स्पष्ट केले. आपण देत आहोत तो व्यासांचा मूळ शब्द नव्हे; उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचे ते रूप आहे, अशी मर्यादित भूमिका त्यांनी घेतली.

या आवृत्तीचे पान पाहिले असता ही भूमिका डोळ्यांनाही दिसते. वर सिद्ध केलेली संहिता आहे. तीतही जेथे संपादकाला निश्चिती नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेषा आहे. खाली लहान टाइपात कोणत्या प्रतीत कोणता पाठ आहे याची नोंद आहे. काही पानांवर वरच्या संहितेच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन श्लोक येतात आणि उरलेले सारे पान पाठभेदांनी व्यापलेले असते. जे श्लोक वा प्रसंग संहितेत घेतले नाहीत ते तळटीपांत आणि परिशिष्टांत समग्र छापलेले आहेत.

उदाहरणार्थ, व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही सर्वपरिचित कथा आदिपर्वाच्या सिद्ध संहितेत नाही. ती परिशिष्टात आहे. सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन यांनी केले. द्रौपदीचे वस्त्र ओढले जात असताना तिने केलेला कृष्णाचा धावा या पर्वाच्या सिद्ध संहितेबाहेर राहिला. वस्त्रामागून वस्त्र निघत जाते हे संहितेत आहे, ते कृष्णाने पुरविले हे नाही. मराठी वाचकाच्या मनात ज्या प्रसंगाला महाभारतात मध्यवर्ती स्थान आहे, तो अशा रीतीने पानाच्या वरच्या भागातून खालच्या भागात गेला.

या स्थलांतराचा अर्थ कसा लावावयाचा? त्याचे दोन मार्ग संभवतात. एक असा की धावा आणि गणपती हे उत्तरकालीन, म्हणून प्रक्षिप्त, म्हणून दुर्लक्षणीय. दुसरा असा की हे दोन्ही प्रसंग महाभारताच्या ग्रहणाच्या इतिहासातील साक्षी आहेत. एका विशिष्ट काळातील श्रोत्यांना द्रौपदीचे रक्षण नाव घेऊन कोणीतरी केले पाहिजे असे वाटू लागले. मौखिक कथनाचे लेखन कसे झाले याचे स्पष्टीकरण देणारी कथा हवीशी वाटली. पहिल्या मार्गाने जाणाऱ्याला वरचा अर्धा भाग पुरतो. दुसऱ्या मार्गाला पूर्ण पान लागते. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधील विवेचनासाठी या आवृत्तीचा आधार घेतला आणि देवत्वाचे थर बाजूला सारून माणसांच्या कथेकडे पाहिले. त्या दृष्टीला सिद्ध संहिता उपकारक ठरली यात शंका नाही. परंतु नंतरच्या मराठी लेखनात ‘चिकित्सक आवृत्तीत नाही’ हे वाक्य ‘महाभारतात नाही’ या अर्थाने रूढ होत गेले. सुकथनकरांनी जी मर्यादा आग्रहाने सांगितली होती ती त्यांच्या आवृत्तीचे दाखले देणाऱ्यांनी पुसून टाकली.

चिकित्सक आवृत्तीचे खरे मोल तिने निवडलेल्या पाठाइतकेच, किंबहुना अधिक, तिने न निवडलेले पाठ सांभाळून ठेवले यात आहे, हे या उदाहरणावरून ध्यानात येते. याच कसोटीवर मराठी संतवाङ्मयाच्या संपादनाकडे पाहावयाचे आहे.

३

मराठीतील पहिले पाठचिकित्सक म्हणून एकनाथांचा उल्लेख केला जातो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, तिच्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरांमुळे तो अशुद्ध झाला, अशी त्यांची धारणा होती. आपली ओवी ज्ञानेश्वरीत घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला. हा इशारा आवश्यक वाटला, याचाच अर्थ ओव्या घातल्या जात होत्या. ग्रंथ जिवंत होता, म्हणून त्यात भर पडत होती. आणि तो पवित्र होता, म्हणून ती भर काढावीशी वाटत होती.

विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी बीडनजीक पाटांगण येथे मिळालेल्या पोथीच्या आधारे १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा त्यांची दृष्टी अगदी वेगळी होती. एकनाथपूर्व मराठी भाषा हस्तगत करणे हा त्यांचा हेतू होता. ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही त्यांनी त्याच सुमारास सिद्ध केले. एकनाथांना ग्रंथाची शुद्धी हवी होती, राजवाड्यांना भाषेचे प्राचीनत्व. दोघेही मुळाकडे जात होते, परंतु दोघांचे ‘मूळ’ एक नव्हते. एकासाठी मूळ म्हणजे गुरुपरंपरेने चालत आलेला, पारायणयोग्य, निर्दोष ग्रंथ. दुसऱ्यासाठी मूळ म्हणजे भाषेच्या इतिहासातील एक पुरावा.

राजवाड्यांच्या पद्धतीत एक तार्किक अडचण आहे. पोथीत जुनी रूपे आहेत म्हणून ती जुनी, आणि पोथी जुनी म्हणून तीतील रूपे ज्ञानदेवकालीन, असे वर्तुळ तयार होण्याचा धोका त्यात राहतो. ते वर्तुळ भेदण्यासाठी पोथीच्या कागदाची, लिपीची, लेखनिकांच्या हातांची स्वतंत्र तपासणी लागते. पाटांगणची मूळ पोथी मात्र पुढील अभ्यासकांना अशा पडताळणीसाठी उपलब्ध झाली नाही. यामुळे राजवाडे यांच्या कार्याचे ऐतिहासिक महत्त्व उणावत नाही. तथापि एका प्रतीवर सर्व भार टाकणारी आवृत्ती कितीही विद्वत्तापूर्ण असली, तरी ती वाचकाला संपादकावर विश्वास ठेवण्यापलीकडे दुसरा पर्याय देत नाही. पाठभेद समोर असतील तर वाचक संपादकाशी वाद करू शकतो. ते नसतील तर तो केवळ त्याचा अनुयायी होतो.

४

ज्ञानेश्वरीला निदान ग्रंथाची चौकट आहे. अध्याय आहेत, गीतेच्या श्लोकांचा क्रम आहे, एका वक्त्याचे अखंड निरूपण आहे. तुकारामाच्या गाथेला अशी चौकट नाही. प्रत्येक अभंग सुटा आहे. त्याला क्रम देणारा, शीर्षकाखाली घालणारा, दुसऱ्या अभंगाशेजारी बसविणारा हात कवीचाच असेल असे नाही. इंद्रायणीत वह्या बुडविल्याची आणि त्या तरल्याची कथा भाविकांच्या दृष्टीने चमत्काराची असली, तरी पाठचिकित्सकाच्या दृष्टीने ती आणखी एका गोष्टीची साक्ष आहे. ज्या परंपरेने गाथा सांभाळली तिला वह्यांच्या नाशाची शक्यता प्रारंभापासून जाणवत होती.

मुंबई सरकारच्या साहाय्याने विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या साह्याने संपादिलेली गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ अशा दोन भागांत प्रसिद्ध झाली. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते तिच्यासाठी वापरण्यात आली. साडेचार हजारांहून अधिक अभंगांची ही आवृत्ती तुकारामाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया ठरली. १९५० मध्ये शासनाने काढलेली गाथाही तिच्यावरच आधारलेली आहे. तुकाराम तात्या यांच्या संग्रहात मात्र हीच संख्या आठ हजारांच्या पुढे जाते. उलट विनायक लक्ष्मण भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केली, तीत सुमारे तेराशेच अभंग आहेत. एकाच कवीचे तेराशे, साडेचार हजार आणि आठ हजार अभंग असे तीन आकडे समोर असताना मराठी समीक्षा त्यांपैकी एक आकडा गृहीत धरते आणि तुकारामाच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास, त्याच्या अनुभवाचे टप्पे, त्याच्या प्रतिमासृष्टीचे स्वरूप यांविषयी निष्कर्ष काढते. यापैकी विकासाचे आणि टप्प्यांचे निष्कर्ष विशेष धोक्याचे आहेत. अभंगांना कालक्रम नाही. जो क्रम दिसतो तो संपादकांनी वा वहीकारांनी दिलेला आहे. समीक्षक अनेकदा आधी तुकारामाचे आध्यात्मिक चरित्र कल्पितो, त्यानुसार अभंग लावतो आणि मग त्या लावणीतून तेच चरित्र पुन्हा सिद्ध झाले असे म्हणतो.

भावे यांच्या शीर्षकातील ‘अस्सल’ हा शब्दही विचारात घेण्यासारखा आहे. संताजी हा तुकारामाचा समकालीन. तेव्हा त्याची वही कवीला सर्वांत जवळची, हा युक्तिवाद सबळ आहे. त्या वहीतील लेखन छापील गाथेतील लेखनाशेजारी ठेवले तर प्रमाण लेखनाच्या सवयीने किती गोष्टी सपाट केल्या हेही ध्यानात येते. परंतु समकालीन वही ही संपूर्ण वही असेलच असे नाही. संताजीने जे लिहिले नाही ते तुकारामाने रचलेच नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दुसऱ्या बाजूने, देहूच्या परंपरेने वा पंढरपूरच्या फडाने जे गायिले ते सर्व तुकारामाचेच, असेही म्हणता येत नाही. ‘अस्सल’ आणि ‘प्रक्षिप्त’ या दोनच खणांत सर्व सामग्री बसविण्याचा आग्रह येथे अपुरा पडतो.

५

नामदेवाच्या संदर्भात हा अपुरेपणा अधिक स्पष्ट होतो आणि त्याला एक सामाजिक अंगही प्राप्त होते. ‘नामा म्हणे’ ही मुद्रा धारण करणारे कवी एकाहून अधिक झाले. त्यांपैकी विष्णुदास नामा वेगळा काढावा यासाठी मराठी संशोधकांनी पुष्कळ परिश्रम केले. नामदेवाची म्हणून एकसष्ट पदे शीख परंपरेने १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात समाविष्ट झाली. मराठी गाथेतील नामदेव आणि त्या पदांतील नामदेव यांचे नाते हा आणखी एक प्रश्न. क्रिस्टियन नोवेट्झके यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नामदेवविषयक ग्रंथात या प्रश्नाची मांडणीच बदलली. कीर्तनकारांच्या बाडांकडे त्यांनी विशेष लक्ष वेधले. पोथी वाचण्यासाठी असते. बाड कीर्तनाला उभे राहणाऱ्याच्या उपयोगासाठी असते. बाडात अनेक संतांचे अभंग प्रसंगानुरूप एकत्र येतात. अशा व्यवहारात नाममुद्रा ही मालकीची खूण राहत नाही. ज्या परंपरेच्या नावाने आपण बोलतो तिचा तो निर्देश होतो.

हा विचार मान्य केला की ‘प्रक्षिप्त’ या शब्दाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. हा शब्द सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्यामागे गुरुपरंपरेची पोथी आहे, लेखनिक आहे, मठ आहे, त्याच्या रचनेला प्रामाण्याचा पुरावा सहज मिळतो. ज्याच्यामागे यांपैकी काहीच नाही त्याची रचना इतरांच्या बाडांतून, इतरांच्या गाथांतून, इतरांच्या तोंडूनच टिकते. जनाबाईचे अभंग प्रामुख्याने नामदेवाच्या गाथेच्या सोबतीने आले. चोखामेळा, सोयराबाई, बंका, कर्ममेळा यांची रचनाही अशीच विखुरलेल्या वाटांनी आली. यांना स्वतंत्र, प्राचीन, एकाहाती पोथी मागणे म्हणजे जे त्यांना नाकारले गेले त्याचाच पुरावा त्यांच्याकडे मागणे होय.

जनाबाईच्या नावावर एक अभंग आहे, ज्यात कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले याची यादी येते. ज्ञानदेवाचे लिहिणारा चिदानंदबाबा, निवृत्तीचे सोपानदेव, मुक्ताईचे ज्ञानदेव, सावता माळ्याचे काशिबा गुरव, चोखामेळ्याचे अनंतभट. यादीच्या शेवटी जनीचा लिहिणारा म्हणून पांडुरंगाचे नाव येते. हा अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातील जनाबाईचाच आहे का, हा प्रश्न विचारता येईल. आणि रूढ पद्धतीने विचार करणारा संशोधक संशयाच्या बाजूला झुकेल. कारण सर्व संतांची अशी मांडणी करणारी दृष्टी मागे वळून पाहणाऱ्या परंपरेची वाटते. परंतु प्रक्षिप्त ठरला तरी हा अभंग संतवाङ्मयाच्या लेखनव्यवहाराविषयी जे सांगतो ते अन्यत्र क्वचितच सापडते. प्रत्येक संताला लिहिणारा माणूस मिळाला, हे त्यात गृहीत आहे. चोख्याचे बोल कागदावर यावेत यासाठी ब्राह्मण लेखनिक लागला, हेही त्यात आहे. आणि जनीसाठी लिहिणारा कोणी माणूस यादीला सापडला नाही. तिच्या शब्दांना देवाचे हस्ताक्षर देऊन परंपरेने तिचा गौरव केला आणि त्याच वाक्यात तिच्या वाट्याच्या उणिवेची नोंदही करून ठेवली.

महाभारताच्या परिशिष्टातील गणपती आणि जनाबाईच्या अभंगातील पांडुरंग यांना शेजारी ठेवून पाहावे. मौखिक शब्द लिखित कसा झाला, हे सांगण्यासाठी दोन्ही परंपरांनी देवाला लेखनिक केले. मात्र व्यासांच्या बाबतीत ही ग्रंथाच्या महत्तेची कथा आहे; जनीच्या बाबतीत ती लेखनिकाच्या अभावाची कथा आहे. दोन्ही स्थळे ‘उत्तरकालीन’ म्हणून बाजूस सारली असती तर ही तुलनाच शक्य झाली नसती.

६

येथवरच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. पाठभेदांना इतके महत्त्व दिले, मूळ पाठाचा शोध गौण मानला, तर मग कोणाचाही अभंग तुकारामाचा म्हणून खपवावयास काय हरकत आहे? अस्सल-नक्कल हा भेदच सोडून दिला तर संशोधनाला अर्थ काय उरतो?

या आक्षेपाला उत्तर देताना पाश्चात्त्य विचारातील काही मांडण्यांचा सावधपणे उपयोग करावा लागतो. वंशवृक्षाच्या पद्धतीविषयी जोसेफ बेदिये यांनी १९२८ मध्येच शंका उपस्थित केली होती. संपादकांनी काढलेले बहुतेक वंशवृक्ष नेमके दोनच फांद्यांचे कसे निघतात, असा त्यांचा मार्मिक प्रश्न होता. दोन फांद्या असल्या की अंतिम निवड संपादकाच्या हाती राहते. पॉल झ्युमथॉर यांनी १९७२ मध्ये मध्ययुगीन काव्याच्या चलनशीलतेची कल्पना मांडली. बेर्नार सेर्किग्लिनी यांनी १९८९ मध्ये पाठभेदाची स्तुती करणारे पुस्तकच लिहिले आणि मध्ययुगीन लेखनाला पाठभेद असतात असे म्हणण्याऐवजी ते लेखन म्हणजेच पाठभेद होय असे प्रतिपादन केले. जेरोम मॅकगॅन यांनी १९८३ मध्ये लेखकाच्या अंतिम हेतूवर उभ्या असलेल्या संपादनपद्धतीची चिकित्सा करून साहित्यकृती ही सामाजिक उत्पादनाच्या साखळीतून सिद्ध होते हे दाखविले.

या विचारांचा मराठीत उल्लेख होतो तो बहुधा बार्त यांच्या लेखकाच्या मृत्यूच्या घोषणेला पुरवणी म्हणून. परंतु त्यातून ‘सर्वच पाठ सारखे’ असा निष्कर्ष काढणे ही त्या विचारांची आळशी वाचना होय. पाठभेद महत्त्वाचा मानणाऱ्यावर अधिक जबाबदारी येते. हा पाठ कोणत्या प्रतीत, कोणत्या काळी, कोणत्या प्रदेशात, कोणत्या फडात वा मठात प्रथम दिसतो हे त्याला सांगावे लागते. शिवाय फ्रान्समधील नकलाकार आणि महाराष्ट्रातील कीर्तनकार यांची परिस्थिती एक नाही. तेथील पाठभेद मुख्यतः लेखणीच्या वाटेने आला, येथील पाठभेद टाळ-मृदंगाच्या साथीने, श्रोत्यांसमोर, स्मृतीतून आला. त्याचे नियम येथल्या सामग्रीतूनच शोधावे लागतील.

तुकारामाच्या गाथेतील शिवाजी महाराजांना उद्देशून लिहिलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या अभंगांचे उदाहरण येथे घेता येईल. त्यांच्या प्रामाण्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. हे अभंग अस्सल मानणारे त्यांतून दोघांच्या भेटीचा इतिहास सिद्ध करू पाहतात. प्रक्षिप्त मानणारे त्यांचा विचार तेथेच थांबवितात. दोन्ही पक्षांना प्रश्न एकच दिसतो : हे तुकारामाने लिहिले की नाही? वास्तविक त्यापुढचा प्रश्न असा की, हे अभंग कोणत्या वह्यांत आहेत, कोणत्या वह्यांत नाहीत, आणि ज्या काळी ते गाथेत स्थिरावले त्या काळी संत आणि राजा यांच्या संबंधाविषयी महाराष्ट्राला काय म्हणावयाचे होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कदाचित कधीच मिळणार नाही. दुसरा प्रश्न हस्तलिखितांच्या तपासणीने पुष्कळसा सुटण्यासारखा आहे, आणि तो इतिहासाइतकाच समीक्षेचाही प्रश्न आहे.

म्हणून अस्सल-प्रक्षिप्त हा भेद टाकून देण्याचे कारण नाही. त्याला कालदर्शक थरांच्या भेदात परिवर्तित करण्याचे कारण आहे. तसे केले म्हणजे नंतरच्या भरीला तुकारामाचे प्रामाण्य मिळत नाही, आणि ती भर घालणाऱ्या पिढ्यांचे म्हणणेही हरवत नाही.

७

अशा संपादनाला काय लागते, याचा विचार केला तर प्रश्न पद्धतीच्या पलीकडे जाऊन विद्यापीठीय व्यवहारापर्यंत येतो. जुन्या देवनागरीची आणि मोडीची वळणे वाचता येणारे विद्यार्थी लागतात. बाड आणि पोथी यांतील फरक ओळखणारी नजर लागते. फडांशी, मठांशी, घराण्यांशी विश्वासाचे संबंध लागतात. आणि मुख्य म्हणजे वर्षे लागतात. महाभारताच्या आवृत्तीला सत्तेचाळीस वर्षे लागली. आरंभ करणारे रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि पहिली दिशा देणारे सुकथनकर या दोघांनाही ती पूर्ण झालेली पाहता आली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकाच्या संशोधनाचे मोजमाप गुणांकांत करण्याची रीत आणली. पुढे त्या रीतीत बदल झाले. पण वर्षाकाठी किती निबंध झाले हे विचारण्याची सवय मात्र राहिली. एका गाथेच्या प्रती जमविण्यात दहा वर्षे घालविणाऱ्या अभ्यासकाला या हिशेबात जागा नाही. त्यामुळे पीएच.डी.च्या प्रबंधांत संतकवींचे ‘अध्ययन’ अनेकवार होते आणि ज्या पाठाचे अध्ययन होते तो एकदाही तपासला जात नाही. तुकारामाच्या उपलब्ध हस्तलिखितांच्या साकल्याने केलेल्या परीक्षणावर उभी असलेली, सर्वमान्य झालेली चिकित्सक आवृत्ती अद्याप मराठीत नाही, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर आश्चर्याची राहत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करणे आवश्यक होते, आणि ते कार्य अभ्यासकांनी निष्ठेने केले. परंतु प्राचीनत्वाचा अभिमान आणि प्राचीन ग्रंथांचे संपादन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभिमानाला एकच, शुद्ध, सर्वांत जुना पाठ हवा असतो. संपादनाला मात्र अनेक हातांनी लिहिलेले, कोपरे झिजलेले, मध्येच दुसऱ्याचे अक्षर सुरू होणारे बाडही तितकेच आदराने उघडावे लागते. या दर्जातून जे साहाय्य उपलब्ध होईल ते पहिल्या गरजेवर खर्च होते की दुसऱ्या, यावर मराठीतील संशोधनाची पुढील वाटचाल पुष्कळ अंशी अवलंबून राहील.

समीक्षेच्या दृष्टीने यातून निघणारे कर्तव्य मर्यादित पण निश्चित आहे. अभंगाचा अर्थ लावण्यापूर्वी तो कोणत्या आवृत्तीतून घेतला हे सांगणे, त्या आवृत्तीमागे कोणत्या प्रती आहेत हे पाहणे, आणि जेथे पाठभेद उपलब्ध आहेत तेथे त्यांच्यासह अर्थ लावणे, एवढे तरी तिने स्वीकारावयास हवे. त्यामुळे काही सुबक निष्कर्ष सोडून द्यावे लागतील. तुकारामाच्या आत्मविकासाचा सरळ चढता आलेख काढता येणार नाही. जनाबाईच्या एकाकी स्वराविषयी बोलताना तो स्वर किती कंठांतून आला याचा विचार करावा लागेल. परंतु ज्या वाङ्मयाला एका समाजाने शतकानुशतके गाऊन, विसरून, आठवून आणि पुन्हा लिहून सांभाळले, त्याची समीक्षा त्या सांभाळण्याची दखल घेतल्यावाचून पूर्ण होऊ शकत नाही. संशोधक आणि समीक्षक यांची जुनी वाटणी मोडण्याचा आरंभ पाठभेदांच्या एकत्र वाचनाने करता येण्यासारखा आहे.